सिम्युलेशनवाल्या ताईंना वाळूजच्या टूलरूममधून मनापासून धन्यवाद

ताई, नमस्कार. पत्रा डायमध्ये कसा ओढला जाईल, कुठं फाटेल हे आधी कॉम्प्युटरवर बघायचं म्हणजे सिम्युलेशन, ते तुम्ही आम्हाला करून दिलं. हे सगळ्यांसमोर लिहायलो कारण फोनवर नुसतं थँक्यू म्हणून भागण्यासारखं तुमचं काम नाही, आणि वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याला प्रेसवर काम करणाऱ्या पोरांनीबी वाचावं असं वाटतं.

त्या खोल चौकोनी कव्हरच्या ड्रॉ डायनं, म्हणजे सपाट पत्रा ओढून खोल आकार देणाऱ्या साच्यानं, सगळ्यांची झोप उडवली होती. ब्लँक म्हणजे कापलेला सपाट पत्रा, त्याच्या कडा दाबून धरणाऱ्या ब्लँक होल्डरचं प्रेशर कमी केलं की फ्लँजला (कडेच्या पट्टीला) सुरकुत्या, वाढवलं की कोपऱ्यात पत्रा फाटायचा. अशा वेळी आमच्याकडं एकच रीत, डाय उतरवा, रेडियस (कडेची गोलाई) घासा, पॉलिश मारा, परत चढवा, तोवर स्क्रॅपचा ढीग वाढतो आणि कस्टमरचे फोन चालूच. तुम्ही मात्र आधी कॉइलचं (पत्र्याच्या गुंडाळीचं) टेस्ट सर्टिफिकेट मागितलं, त्यात एन आणि आर व्हॅल्यू (पत्रा ताणताना किती कडक होत जातो आणि पातळ व्हायला किती विरोध करतो ते आकडे) नव्हती तर त्याच कॉइलच्या पट्ट्या रोलिंगच्या दिशेत, आडव्या आणि 45 अंशात कापायला लावून टेन्साइल टेस्ट (ओढून ताणायची चाचणी) करून घेतली. पुस्तकातले आकडे टाकून मोकळं होता आलं असतं, तुम्ही तसं केलं नाही. मला हेच लई मोठं वाटतं.

मग स्क्रीनवर लाल डाग आला तो जिथं पत्रा फाटत होता नेमका तिथंच. तुम्ही स्ट्रोक थांबवू थांबवू दाखवलं, की कोपऱ्यात माल आधीच अडखळत आत येतो, त्यात आमचा ड्रॉ बीड (पत्र्याला आत येताना अडवणारा उंचवटा) सगळीकडून सारखा फिरवलेला, म्हणून तो जागेवरच ताणून पातळ होतो. कोपऱ्यातला बीड काढला, सरळ बाजूंना ठेवला, ब्लँकचे कोपरे तिरके छाटले. पार्ट निघाला, सुरकुती नाही की चीर नाही!

तरी तुम्ही थांबल्या नाहीत. ब्लँकवर गोल ग्रिड मारून पार्ट काढला, लंबगोल झालेले गोल एकेक मोजले आणि फॉर्मिंग लिमिटच्या, म्हणजे पत्रा फाटायच्या आधी किती ताणतो त्या मर्यादेच्या, आलेखावर मांडून सिम्युलेशनशी ताडून बघितले. आमचे प्रेसवाले काका तेव्हा तुमच्या शेजारी उभे राहून स्वतः मोजत होते, आता नवीन डाय आली की तेच आधी विचारतात, सिम्युलेशन झालं का.

पुढचा जॉब हाय स्ट्रेंथ पत्र्याचा आहे. मॉड्युलस (स्टीलचा ताठपणा) साध्या पत्र्यासारखाच 210 जीपीएच्या (गिगापास्कल) आसपास, पण यील्ड (ज्या ताणाला पत्रा कायमचा वाकतो तो) जास्त म्हणून स्प्रिंगबॅक, म्हणजे दाब काढल्यावर पत्रा मागं उसळणं, जास्त येणार, हे तुमच्याकडूनच शिकलो. कॉइल आली की पट्ट्या कापून ठेवतो, टेस्ट रिपोर्टसकट फाईल पाठवतो.