निगेटिव्ह मागून घ्या!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कपाटाच्या तळाशी पडून असलेले फिल्म कॅमेरे पुन्हा गळ्यात दिसू लागले आहेत. डिजिटलच्या आधीपासून डार्करूममध्ये काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना याचा मनापासून आनंद वाटतो. पण एक गोष्ट खटकते. रोल लॅबमध्ये टाकला जातो, स्कॅन फोनवर येतात आणि निगेटिव्ह आणायला पुष्कळ जण जातच नाहीत. न नेलेल्या निगेटिव्ह कुणी कायमच्या सांभाळत नाही. म्हणजे भिंगातून आलेला उजेड ज्यावर खरोखर उमटला ती वस्तू कचऱ्यात जाते आणि हाती उरते तिची नक्कल. मग एवढा खटाटोप केला कशासाठी?

स्कॅनमुळे आणखी एक नुकसान होते. स्कॅनर आणि त्याचे सॉफ्टवेअर उजेड-अंधार आपणहून सावरून घेतात. एक्सपोजर (फिल्मवर पडणारा उजेड) दोन स्टॉप चुकले (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तरी फोटो बरा दिसतो, आणि आपले काय चुकले ते कळतच नाही. निगेटिव्ह काही लपवत नाही; जिथे जास्त उजेड पडला तिथे ती जास्त काळी होते. फोनच्या पडद्यावर पांढरे पान उघडून त्यावर ती धरा आणि आधी चित्रांकडे नव्हे, तर कडेच्या अक्षरांकडे पाहा. फिल्मचे नाव आणि फ्रेमचे आकडे कारखान्यातच उजेड देऊन छापलेले असतात. ते किती गडद येणार हे फक्त धुण्यावर, म्हणजे रसायनांत चित्र उमटवण्यावर, ठरते. अक्षरे ठसठशीत, पण चित्रे फिकट आणि सावल्यांच्या जागी फिल्म काचेसारखी पारदर्शक, तर कॅमेऱ्यात उजेड कमी पडला. अक्षरे आणि चित्रे दोन्ही फिकट असतील, तर डेव्हलपर (चित्र उमटवणारे रसायन) थंड होता, शिळा होता किंवा वेळ कमी दिला. अक्षरे स्पष्ट आणि बाकी रोल कोरा असेल, तर फिल्म कॅमेऱ्यात सरकलीच नाही, नाहीतर शटर उघडले नाही. अक्षरेसुद्धा नसतील, तर डेव्हलपरच्या आधी फिक्सर (चित्र पक्के करणारे रसायन) ओतला गेला किंवा डेव्हलपर पूर्ण मेलेला होता. आणि सगळी पट्टी कडेपर्यंत काळीकुट्ट असेल, तर कुठेतरी ती उजेडात उघडी पडली. कॅमेऱ्याचा दोष की धुण्याचा, हा वाद एवढ्या तपासणीत मिटतो.

रोल कोरा येण्याचे नेहमीचे कारण अगदी साधे असते : फिल्मची जीभ, म्हणजे डबीबाहेरचे टोक, कॅमेऱ्यातल्या गुंडाळून घेणाऱ्या रिळात नीट अडकलेली नसते. जीभ खाचेत घाला, दोन्ही बाजूंची भोके दातांवर बसली आहेत याची खात्री करा आणि मगच पाठ बंद करा. मग रिवाइंडची चकती हलकेच फिरवून ढील काढून घ्या. आता फिल्म पुढे सरकवणारी लिव्हर ओढताना ती चकती उलटी फिरली पाहिजे. फिरत नसेल, तर आकडा पुढे जाईल, शटरचा आवाज येईल, छत्तीस फोटो काढून होतील आणि फिल्मवर काहीच नसेल. शेवटीही घाई नको. लिव्हर अडली की जोर लावू नये; भोके फाटतात किंवा फिल्म डबीतून उपटून येते. तळाचे बटण दाबून फिल्म पूर्ण गुंडाळली गेल्यावरच पाठ उघडावी.

जुना कॅमेरा घेतला असेल, तर पाठीच्या खाचांतला काळा स्पंज बोटाने दाबून पाहा. तो चिकट झाला असेल किंवा भुगा होत असेल, तर उजेड आत शिरतो आणि फ्रेमवर पट्टे उमटतात. स्पंज बदलणे हे घरी होणारे काम आहे. उजेड मोजणाऱ्या लाइटमीटरची गोष्ट जरा वेगळी. अनेक जुने मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनवलेले आहेत, आणि ती बॅटरी आता बनत नाही. त्याच आकाराची १.५ व्होल्टची अल्कलाइन बसवली, तर बऱ्याच कॅमेऱ्यांत मीटर असलेल्यापेक्षा जास्त उजेड दाखवतो आणि फोटो अंधारे येतात. श्रवणयंत्रात वापरतात ती झिंक-एअर बॅटरी जवळपास १.४ व्होल्ट देते आणि तो दाब शेवटपर्यंत टिकवते; मात्र वरचा कागद काढला की काही आठवड्यांत ती वाळून जाते.

मीटर बंद असला तरी काम अडत नाही. लख्ख उन्हात ॲपर्चर (भिंगाचे छिद्र) एफ/१६ आणि शटर फिल्मच्या वेगाच्या, म्हणजे आयएसओच्या, आकड्याजवळचा ठेवायचा : ४०० आयएसओला १/५०० सेकंद, १०० ला १/१२५. ऊन कोवळे असेल तर एफ/११, ढगाळ असेल तर एफ/८, मोकळ्या सावलीत एफ/४. निगेटिव्ह फिल्मला उजेड थोडा जास्त झालेला चालतो, कमी पडलेला अजिबात चालत नाही, कारण सावलीत जे उमटलेच नाही ते धुताना आणता येत नाही. शंका आली की एक स्टॉप जास्त द्या. स्लाइड फिल्मला नेमके उलट. तिथे अर्धा स्टॉप जास्त झाला तरी ढग आणि पांढरे कपडे जळतात.

आता धुण्याकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे आणि लोक उगीचच त्याला घाबरतात. रंगीत निगेटिव्हला ३८ अंश तापमान लागते आणि अंशाच्या काही दशांशांचा फरकही रंग बिघडवू शकतो. कृष्णधवल फिल्म फार सोशिक आहे. टाकी, रीळ, थर्मामीटर, मोजपात्रे आणि उजेड न शिरणारी काळी पिशवी एवढ्यावर भागते, डार्करूमचीसुद्धा गरज नाही. फक्त एक गैरसमज मनातून काढा : लाल दिवा प्रिंटच्या कागदासाठी आहे, फिल्मसाठी नाही. नेहमीच्या कृष्णधवल फिल्म लाल उजेडही टिपतात, म्हणून डबी उघडण्यापासून टाकीचे झाकण लागेपर्यंत सगळे ठार अंधारात करायचे. एक वाया गेलेला रोल घ्या आणि तो रिळावर चढवण्याचा सराव आधी उजेडात, मग डोळे मिटून करा. रीळ जरासे ओलसर असले किंवा पिशवीत हाताला घाम आला, तरी फिल्म मध्येच अडते. तेव्हा ढकलू नका. फिल्म दुमडली की निगेटिव्हवर चंद्रकोरीसारखा डाग पडतो आणि तो कायमचा. फिल्म टाकीत ठेवून झाकण लावा, हात कोरडे करा आणि पुन्हा सुरुवात करा.

उदाहरणादाखल एचपी५ प्लस ही ४०० वेगाची फिल्म आणि आयडी-११ डेव्हलपर घ्या. बहुतेक प्लास्टिकच्या टाक्यांत ३५ मि.मी.च्या एका रोलला सुमारे ३०० मिली द्रावण लागते. नेमका आकडा टाकीच्या बुडावर असतो. १५० मिली तयार (अजून पातळ न केलेले) डेव्हलपरचे द्रावण आणि १५० मिली पाणी, तापमान २० अंश, वेळ १३ मिनिटे. पहिल्या दहा सेकंदांत टाकी चार वेळा उलटी-सुलटी करायची, लगेच टेबलावर दोन-तीनदा आपटायची आणि मग दर मिनिटाच्या सुरुवातीला तेच. आपटायचे ते हवेचे बुडबुडे सुटावेत म्हणून. बुडबुडा चिकटून राहिला तर तेवढ्या जागी डेव्हलपर पोचत नाही आणि प्रिंटवर काळा ठिपका येतो. जोरजोरात घुसळू नका. भोकांमधून द्रावण उसळते आणि तिथून चित्रात पट्टे उतरतात. पाणी कोमट असेल तर दर अंशामागे वेळ साधारण दहा टक्क्यांनी कमी करा, म्हणजे २४ अंशांना नऊ मिनिटांच्या आसपास. पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ येत असेल तर धुणे असमान होते, त्यापेक्षा भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून तापमान उतरवावे. हे पातळ केलेले द्रावण एकदाच वापरायचे.

त्यानंतर अर्धा मिनिट स्टॉप बाथ (डेव्हलपरचे काम थांबवणारे द्रावण) आणि एकास चार पाणी घातलेला रॅपिड फिक्सर, तीन ते पाच मिनिटे. डेव्हलपर उजेड लागलेल्या कणांचे चांदीत रूपांतर करतो, फिक्सर न लागलेले कण विरघळवतो. हायपोचा, म्हणजे फिक्सरच्या मूळ क्षाराचा, हा गुण ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांना १८१९ मध्ये सापडला, छायाचित्रणात तो १८३९ मध्ये कामी आला आणि आजही आपण त्याच जातीचे क्षार वापरतो. फिक्सरमध्ये जीव आहे का, ते रोल धुण्याआधीच पाहा : फिल्मच्या जिभेचा तुकडा त्यात टाका, तो किती सेकंदांत पारदर्शक होतो ते मोजा आणि त्याच्या किमान दुप्पट वेळ द्या. तुकड्याला ताज्या द्रावणाच्या दुप्पट वेळ लागू लागला की ते द्रावण संपले. निगेटिव्ह दुधाळ दिसली तर घाबरू नका. फिक्सिंग अपुरे राहिले आहे. ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा बुडवली की ती साफ होते.

शेवटी फिल्म नुसत्या पाण्याने धुवायला नळ अर्धा तास सोडायची गरज नाही. टाकी भरून पाच वेळा उलटी करा, पाणी टाका. पुन्हा भरून दहा वेळा, मग वीस वेळा. झाले. शेवटच्या पाण्यात वेटिंग एजंटचे (पाणी थेंबांत साचू न देणाऱ्या द्रवाचे) थोडे थेंब घाला म्हणजे वाळताना डाग पडत नाहीत. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते. तो गटारात ओतू नका, वेगळ्या कॅनमध्ये साठवून चांदी काढून घेणाऱ्याकडे द्या.

हे शिकून ठेवण्याला आणखी एक कारण आहे. कोडाक्रोम ही रंगीत स्लाइड फिल्म १९३५ मध्ये आली, २००९ मध्ये तिचे उत्पादन थांबले आणि २०१० च्या अखेरीस ती धुणाऱ्या शेवटच्या लॅबनेही रोल घेणे थांबवले. तिचे रंग फिल्ममध्ये नव्हे तर धुण्याच्या रसायनांतून येत, त्यामुळे आज सापडलेला कोडाक्रोमचा न धुतलेला रोल फार तर कृष्णधवल निघतो. कृष्णधवलला असे कुणाच्या कारखान्यावर अवलंबून राहावे लागत नाही. डेव्हलपरची सूत्रे उघड आहेत आणि सुट्या रसायनांतून तो घरी बनवता येतो.

विमानप्रवासात फिल्म चेक-इन सामानात कधीही टाकू नका, तपासणीच्या क्ष-किरणांनी ती खराब होते, आणि हातातल्या सामानाला नवे सीटी स्कॅनर असतील तर रोल बाहेर काढून हाताने तपासायची विनंती करा.

लॅबचालकांनाही एक विनंती. निगेटिव्ह घट्ट गुंडाळून रबर लावून देऊ नका. सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापून पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत द्या. पीव्हीसीची पाकिटे कालांतराने फिल्मला चिकटतात. आणि रोल घेतानाच पावतीवर लिहा : स्कॅनसोबत निगेटिव्ह परत मिळेल. ग्राहकांनी त्या पाकिटावर तारीख, फिल्मचे नाव आणि धुण्याची वेळ लिहून ते कोरड्या जागी ठेवावे.

आपले,
डार्करूममध्ये काम करणारे काही छायाचित्रकार