बाराजणांपुढे भिंतीचे फोटो

ऑकलंड, कॅलिफोर्निया

ती. बाबांस सा. न. वि. वि.

"मालकाशी वाद कशाला, दुसरं घर बघ," असं तुम्ही फोनवर म्हणालात. काळजीपोटी म्हणालात, हे कळतं. पण माझी बाजू तेव्हा नीट सांगता आली नाही.

छोटीच्या खाटेमागची भिंत हिवाळाभर ओली होती. बुरशी पुसली की आठवड्यात पुन्हा काळी. हीटर बंद, पोरीचा खोकला थांबेना. मालकाला कळवून थकलो, मग वकिलाला विचारून भाडं थांबवलं आणि ते पैसे वेगळे ठेवले. त्यावर तीन दिवसांची नोटीस आली आणि मागोमाग घर खाली करण्याचा दावा.

मी ज्यूरी मागितली आहे. आपल्याकडे ज्यूरी म्हटलं की नानावटी खटला आठवतो. इथे भाडेकरूच्या दाव्यातही बारा साधी माणसं बसतात, नऊजणांचं एकमत झालं की निकाल. त्यासाठी १५० डॉलर फी भरावी लागते, ऐपत नसेल तर ती माफ करून घेता येते. न्यायाधीशांपुढे अशा दाव्यांची रांग असते, माझ्या फोटोंवर ते किती वेळ थांबणार? या बाराजणांपुढे मात्र माझाच दावा असेल, आणि त्यांतल्या काहींनी तरी भाड्याच्या घरात दिवस काढलेले असतील.

हा हक्क फुकट मिळालेला नाही. राजधानी वॉशिंग्टन डी.सी. (ते कुठल्याच राज्यात नाही) इथल्या पर्नेल नावाच्या भाडेकरूने नादुरुस्त घराचं भाडं अडवलं होतं. खालच्या कोर्टांनी त्याला ज्यूरी नाकारली. १९७४ साली सुप्रीम कोर्टाने ती दिली. निकाल न्यायमूर्ती थरगूड मार्शल यांनी लिहिला, आणि ज्यूरीमुळे न्याय लवकर मिळत नाही हे म्हणणं त्यांनी फेटाळून लावलं. मात्र तो निकाल राज्यांवर बंधनकारक नाही. आमच्याकडे हक्क आहे तो कॅलिफोर्नियाच्या स्वतःच्या घटनेमुळे. न्यूयॉर्कमध्ये भाडेकरारातच ज्यूरीवर पाणी सोडायचं कलम छापतात, आणि कोर्टं सहसा ते मानतात. डोक्यावर छप्पर हवं म्हणून माणूस सही करतो. त्या सहीत त्याचा हक्क काढून घेणं मला सरळ अन्याय वाटतो. इथे असं कलम टिकत नाही.

गिरगावच्या खोलीसाठी आजोबांनी लघुवाद न्यायालयात घालवलेली वर्षं तुमच्या मनात असतील. तसं होणार नाही. सुनावणी मागितल्यापासून २० दिवसांत लावावी, असा इथला कायदा आहे.

सोमवारपासून ज्यूरी निवडतील. मी रजा टाकली आहे. निकाल लागला की लगेच फोन करतो. आईला नमस्कार.

तुमचा,
मंगेश