पहिली पांढरी पट्टी

रत्नागिरी,
१२ नोव्हेंबर

प्रिय सुहास,

काल पहाटे टाकीतल्या क्लाउनफिशच्या, म्हणजे केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या समुद्री माशाच्या, एका पिल्लाच्या डोक्यामागे पांढरी पट्टी दिसली. आधी वाटलं, टॉर्चचा उजेड चमकतोय. मग दुसऱ्यावर दिसली, तिसऱ्यावर दिसली. आईला उठवलं. चष्मा लावून ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, हे मासेच दिसायला लागले की!" आज मोजले, एकतीस आहेत. दहा दिवसांपूर्वी हे सगळे पारदर्शक, काडीसारखे होते.

गणपतीत तू आलास तेव्हा मागच्या खोलीतली टाकी रिकामी होती. "दुकानात मिळतो की हा मासा," असं तू म्हणालास आणि मी गप्प बसलो. पिल्लं वाढवायच्या दोन खेपा वाया गेल्या होत्या, बोलायचं मनच नव्हतं. आज लिहितो.

क्लाउनफिशची अंडी मिळणं फारसं अवघड नाही. हे मासे आधी सगळे नरच असतात. दोघं एकत्र ठेवले की त्यांतला मोठा, दांडगा मादी होतो. जोडी जमली आणि पाणी स्थिर राहिलं की मादी टाकीत ठेवलेल्या कुंडीला केशरी अंडी चिकटवते. नर परांनी त्यांच्यावर पाणी मारत राहतो, मेलेली अंडी तोंडाने उचलून काढतो. आठवडाभराने अंड्यांतले डोळे चंदेरी दिसले की समजायचं, आज-उद्या फुटणार. फुटतात तीही दिवे मालवल्यावर, अंधारात.

खरी परीक्षा त्यानंतर. पिल्लू जेमतेम चार मिलिमीटरचं, पोटातला बलक एखाद्या दिवसापुरता. त्याला पूड चालत नाही, हलणारं जिवंत खाद्य लागतं आणि तेही तोंडात मावेल एवढंच. म्हणून रोटिफर, मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा जीव. तो जगतो हिरव्या सूक्ष्म शेवाळावर. म्हणजे मासा वाढवायचा तर आधी रोटिफर वाढवायचे आणि त्याच्याही आधी शेवाळ. माझा बहुतेक दिवस माशांकडे नाही, बाटल्या आणि बादल्यांकडे जातो.

जुलैत एका रात्री वीज गेली ती पाच तास आली नाही. हवेचा पंप बंद पडला, सकाळी रोटिफरच्या बादलीला वास येत होता. पिल्लं तीन दिवसांची होती. त्यांना द्यायला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं आणि पोटं खपाटीला जाऊन ती डोळ्यांदेखत मेली. ऑगस्टमध्ये खाद्य मुबलक होतं, पण टाकी चारी बाजूंनी काचेची. पिल्लं चकाकणाऱ्या काचेलाच तोंड लावून पोहत राहिली आणि उपाशी मेली. ते मला फार उशिरा उमगलं.

या वेळी चारी बाजूंना काळा कागद लावला, दिवा मंद ठेवला आणि पाण्यात थोडं शेवाळ सोडलं. हिरवट पाण्यात उजेड विखुरतो, पिल्लांना रोटिफर नीट दिसतात आणि रोटिफरही उपाशी राहत नाहीत. रोटिफरच्या दोन बादल्या दोन वेगळ्या खोल्यांत ठेवल्या, हवेच्या पंपाला बॅटरी जोडली. समुद्राचं पाणी मे महिन्यातच भरून, ब्लीचिंग घालून, मग त्यातलं क्लोरीन घालवायला हायपो टाकून ठेवलं होतं. पावसाळ्यात इथल्या किनाऱ्याचं पाणी गढूळ होतं, त्याचा खारटपणाही उतरतो. सहाव्या दिवसापासून नुकताच उबवलेला आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारखा बारीक केशरी जीव, थोडा थोडा दिला. पिल्लांची पोटं केशरी दिसली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

आता तुझ्या त्या "दुकानात मिळतो की"चं. दुकानातला समुद्री मासा कुठून आला, हे बहुधा दुकानदारालाही ठाऊक नसतं. फिलिपीन्स आणि इंडोनेशियात वर्षानुवर्षं पोवळ्यांच्या भेगांत सायनाइड फवारून, मासे गुंगवून धरले गेले. त्यात पोवळीही मरतात. टाकीत मासा वाढवणं मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. सगळ्या जातींचं ते जमत नाही, हेही खरं. क्लाउनफिश त्यातल्या त्यात सोपा. निळा टँग हा मासा मात्र पाण्यात मोकळी अंडी सोडतो, पिल्लाचं तोंड इतकं बारीक की रोटिफरही मोठा पडतो, कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म जीवाची पिल्लं लागतात. फ्लोरिडातल्या संशोधकांना त्याची पिल्लं मोठी करणं २०१६ मध्ये साधलं. आपल्याकडे लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर बायका शोभिवंत कोळंबी वाढवायला शिकल्या, ऐरोलीच्या खाडीकाठीही समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी, म्हणजे पिल्लं वाढवायचं केंद्र, उभी राहिली. इथल्या मासेमारी करणाऱ्या घरांत ही विद्या यावी, असं मला फार वाटतं. पाण्याची पारख त्यांच्याकडे आधीच आहे.

नर पुन्हा कुंडी घासून साफ करतोय, तेव्हा चार-पाच दिवसांत नवी अंडी येतील. नाताळच्या सुट्टीत ये आणि तुझ्याकडचा जुना मायक्रोस्कोप घेऊन ये. भिंगातून रोटिफर मोजून डोळे दुखायला लागलेत. आईने तुझ्यासाठी कोकमं बाजूला काढून ठेवली आहेत.

तुझा,
विनय