बाकडं, दार आणि परवाची रात्र

पुणे, शनिवार रात्र

प्रिय दिग्या,

आठ महिने झाले, तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. मनाला लागून राहिलंय. तब्येत ठीक, पाठ आहे तशीच, आईचा मोतीबिंदू काढला. आज बसलो कारण परवा जत्रेत जे झालं ते सांगायला तूच हवास. हिला सांगितलं, ती "छान" म्हणाली. तेवढ्यानं भागत नाही रे.

मामाच्या गावी दशावतार होता, आपलं कोकणातलं रात्रभराचं लोकनाट्य. गणपती, रिद्धी-सिद्धी झाले, संकासुरानं पुढच्या रांगेची मालवणीतून यथेच्छ फिरकी घेतली, मग आख्यान सुरू झालं. मध्यरात्र उलटलेली. राजा बाकड्यावर बसून प्रधानाशी बोलतोय आणि वीज गेली. जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प. पण पायपेटी थांबली नाही, मृदंगही नाही. अंधारातून राजा म्हणाला, "प्रधानजी, भर दरबारात ग्रहण लागलं! प्रजेच्या घरी दिवे आहेत की नाहीत?" पुढून एक आजी ओरडली, "राजा, काळोख झालो, आता नीज बघूया!" हशा ओसरायच्या आत पहिला मोबाईल पेटला, मग पन्नास.

राजा उठला तसे झोत उठले. राणी बोलायला लागली की तिच्याकडे वळले. कोणी कोणाला सांगत नव्हतं. राक्षस आला तेव्हा पुढच्या पोरांनी आपापल्या टॉर्चवर तळहात धरले. बोटांतून झिरपलेला लाल उजेड त्याच्या तोंडावर! वीस वर्षं दिव्यांना रंगीत जिलेटिनं लावतोय, असा लाल मी कधी पाहिला नव्हता.

आणि मला तुझं दार आठवलं. म्हणजे माझं दार. एकांकिकेत तू म्हणत होतास की चौकट नको, दोन माणसं उभी करू. १९७२ सालच्या 'घाशीराम कोतवाल' नाटकातली माणसांची भिंत तू मला उभं राहून करून दाखवली होतीस, कँटीनच्या टेबलावर! मी म्हणालो, ती दिग्दर्शक जब्बार पटेलांची माणसं, आपल्याकडे बंड्या आणि शिऱ्या आहेत. शेवटी खरं सागवानी दार आणलं, ते ऐन प्रवेशात अडकलं आणि आपण चार महिने बोललो नाही. तेव्हा तू बरोबर होतास. इतक्या वर्षांनी का होईना, लिहून देतो.

आता खरी काळजी. नव्या नाटकाचं नेपथ्य माझ्याकडे आहे. दुमजली वाडा, मागे एलईडीची भिंत, तिच्यावर पाऊस. मॉडेल मंजूर झालंय, प्लाय कापून झालाय. जत्रेहून आलो आणि ते मॉडेल बघवेना. त्यात प्रेक्षकाला करायला काही ठेवलेलंच नाही. पाऊस आम्हीच पाडतो, मग त्यानं तो मनात का पाडावा? सगळं काढून टाकावंसं वाटतं. पण सुताराचे पैसे, दिग्दर्शकाचा विश्वास, दौऱ्याचा ट्रक ठरलेला...

आणि नुसतं काढून टाकून भागेल का, हेही कळत नाही. दशावतारात लिहिलेली संहिता नाही, पण आख्यान आधी ठरतं, कोण कधी येणार ते ठरतं, पुराणातली गोष्ट समोरच्या आजीलाही पाठ असते. एकच बाकडं, ते सिंहासन आणि तेच रथ, हे सगळ्यांना मान्य. चौकट एवढी पक्की म्हणून आतला माणूस मोकळा. आमच्या नटांना स्वल्पविरामही हलवू देत नाहीत. त्यांना बाकडं दिलं तर ते बाकड्याशेजारी उभे राहतील, एवढंच. दादरच्या छबिलदासच्या हॉलमध्ये १९७४पासून प्रायोगिक नाटकात जे घडलं तेही असंच ना? शाळेचा हॉल, प्रेक्षक हाताच्या अंतरावर, आणि नाटक त्या हॉलसाठीच बसवलेलं. अडचण पहिल्या तालमीपासून सोबत हवी. मी ती शेवटच्या महिन्यात आणू बघतोय.

अप्पा असते तर म्हणाले असते, गरिबीची आरती ओवाळू नकोस. नाही ओवाळत. पहाटे दहीकाला झाल्यावर राजा पेटाऱ्यावर बसून चहा पीत होता, डोळे लाल, पुढचं गाव गाठायची घाई. त्याला बरे दिवे आणि बरे पैसे मिळायलाच हवेत. मी विचारलं, ते ग्रहणाचं वाक्य आधी ठरलं होतं का? म्हणाला, "वीज काय सांगान जाता?"

माझ्या डोक्यात एवढंच आलंय की दुसऱ्या अंकातली एलईडी बंद ठेवायची. वाडा राहू दे. म्हातारी पावसाबद्दल बोलते तिथे पूर्ण काळोख, आणि तिनं प्रेक्षागृहालाच विचारायचं, ऐकू येतोय का? एखादा प्रयोग पडेल. कोणीतरी "नाही" ओरडेल. मग तिला उत्तर द्यावं लागेल, रोज नवं. तिला ते जमेल असं मला वाटतं. दिग्दर्शकाला अजून बोललो नाही.

नवं घर कसं आहे? चिऊची दहावी यंदाच ना? नोकरीचं काय ठरवलंस ते नीट लिही, मागच्यासारखं दोन ओळींत नको. वहिनींना नमस्कार.

सुतार गुरुवारी सकाळी नऊला येतोय. त्याआधी फोन कर, रात्री कितीही वाजता.

तुझा,
नंदू