सूर पाणी थांबवत नाही, धार तोडतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत स्पीकरला बांधलेल्या नळीतून पडणारे पाणी मोबाइलच्या पडद्यावर हवेत गोठलेले दाखवतात. शेजारी पाटी असते, ‘ध्वनीने पाणी थांबते’. हे चूक आहे. स्पीकर नळीचे तोंड सेकंदाला ३० वेळा हलवतो, कॅमेरा सेकंदाला ३० चित्रे घेतो आणि प्रत्येक चित्रात लाट त्याच जागी सापडते. सूर २९ हर्ट्झ (सेकंदाला २९ कंपने) केला की पाणी वर चढताना दिसते. मोबाइल बाजूला ठेवून पाहा, पाणी पडतच असते.

याहून मोलाचा प्रयोग तेवढ्याच सामानात होतो. आवाजाने धार बदलते हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ साव्हार यांनी १८३३ मध्येच नोंदवले होते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ रॅले यांनी १८७८ मध्ये त्याचे गणित मांडले. पृष्ठताणामुळे, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाच्या आकसण्याच्या ओढीमुळे, धार थेंबांत तुटणारच असते. तिच्यावर उठणाऱ्या फुगवट्यांपैकी तिच्या परिघापेक्षा लांब असलेला फुगवटाच वाढतो, आणि व्यासाच्या सुमारे साडेचारपट लांबीचा सर्वांत झपाट्याने. धार तोडायची ताकद पृष्ठताणाची. कोणता फुगवटा वाढायचा, एवढेच सूर ठरवतो.

१ मिमी तोंडाचा काचेचा ड्रॉपर घ्या आणि नळीने टबाला जोडा. पसरट टबातले पाणी तोंडापासून २५ सेंमी उंच ठेवा. वेग सेकंदाला सुमारे २.२ मीटर येतो, त्याला ४.५ मिमीने (व्यासाच्या साडेचारपटीने) भागले की लावायचा सूर मिळतो, ४९० हर्ट्झ. पेटीवर मधल्या सप्तकातली पांढरी सात साधारण इथेच बोलते. ७०० हर्ट्झच्या वरचा सूर कितीही मोठा लावला तरी धार दाद देत नाही, कारण तो फुगवटा परिघाहून आखूड पडतो. मुलांना हेही मुद्दाम दाखवावे.

ड्रॉपरमधल्या घर्षणाने वेग थोडा घटतो, म्हणून पाणी मिनिटभर मोजपात्रात धरा. १०४ मिली अपेक्षित असताना ८५ मिलीच भरले, तर वेग १.८ मीटर आणि सूर ४०० हर्ट्झ.

प्रयोग फसतो तो बहुधा पाणी थेट नळाचे किंवा पंपाचे असल्याने; त्याच्या धक्क्यांपुढे सुराचे काही चालत नाही. टबाखाली फोम घाला, नळीतले बुडबुडे काढा, पंखा बंद ठेवा. ड्रॉपरच्या तोंडाला टवका असेल तर धार वाकडी सुटते. स्पीकर ड्रॉपरच्या स्टँडला टेकवा, नुसता हवेतून येणारा आवाज अनेकदा अपुरा पडतो. पाण्यात साबण राहू देऊ नका. पृष्ठताण घटला की धार उशिरा तुटते.

सूर लागताच धारेचा अखंड, काचेसारखा भाग आखूड होतो. थेंब जिथे पडतात तिथे पत्र्याचे पातळ झाकण धरले तर तेही त्याच सुरात बोलते, कारण सेकंदाला तेवढेच थेंब त्यावर आदळतात. बेदाण्याच्या पाकिटावर तारीख छापणाऱ्या कंटिन्युअस इंकजेट यंत्रात शाईची धार अशाच कंपनांनी एकसारख्या थेंबांत तोडतात.

परीक्षकांना विनंती, की गुण देण्यापूर्वी मोबाइल खाली ठेवायला सांगावे आणि सुराआधी व सुरानंतर अखंड धार किती सेंटीमीटर राहते, ते पट्टीने मोजून घ्यावे.

— भौतिकशास्त्राचे दोन शिक्षक, मिरज (जि. सांगली)