हंगामाचा सण आणि चर्चच्या छताचे पत्रे : मंडळीला आवाहन

सर्व बंधुभगिनींना प्रभूच्या नावात सलाम.

घाईत लिहितोय, चूकभूल माफ करा. काल पंचकमिटीची मीटिंग रात्री साडेदहाला संपली आणि पाळकसाहेब म्हणाले सेक्रेटरी, सणाचं आणि गळक्या छताच्या पत्र्यांचं तुम्हीच कळवा.

आधी मागच्या हंगामाच्या सणाचं बोलू. मळ्यातल्या आजी आठवतात ना, गुडघे धरलेले तरी बाजरीचं गाठोडं डोक्यावर घेऊन स्वतः वेदीपर्यंत आल्या, पोरं हात लावायला गेली तर म्हणे "सरका, माझं मला देऊ द्या". आणि तो लाल भोपळा! लिलावात ज्याने घेतला त्याने परत वेदीवर ठेवला, परत बोली, असा चार वेळा विकला गेला, शेवटी गिरणीवाल्या मामांनी घेतला आणि भाजी करून सगळ्या मंडळीला जेवू घातली. पुण्याला नोकरीला असलेल्या आपल्या पोरांनी साउंड सिस्टिम दिली, नाव घेऊ नका म्हणाले म्हणून घेत नाही, पण कोण ते सगळ्यांना माहितीये. महिला मंडळाचा मुठीचा डबा तर विसरूच शकत नाही, रोज चूल पेटवायच्या आधी एक मूठ धान्य बाजूला, त्यातनं संडे स्कूलचे बाक झाले.

बायबलात बघा, फिलिप्पैच्या मंडळीने प्रेषित पौलाला तुरुंगात मदत पाठवली तर त्याने त्या मदतीला देवाला आवडणारा सुगंधी यज्ञ म्हटलं. मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतः कंगाल, तरी यरुशलेमच्या गरिबांसाठी आम्हालाही देऊ द्या म्हणून पौलाच्या मागे लागल्या. आपल्याकडे मात्र अर्पणाची थैली फिरायला लागली की खिशात सुट्टे शोधतात. अहो अर्पण म्हणजे वर्गणी नाही, गायन प्रार्थनेसारखी तीही उपासनाच आहे.

बोलू नये पण बोलतो. जूनमध्ये पत्र्यांसाठी मेसेज टाकला, 71 जणांनी वाचला, हात जोडलेले भरपूर आले, पैसे आले 5 घरांतनं. जुलैत प्रभुभोजनाच्या मेजाशेजारी बादली ठेवून उपासना केली. वर कोणीतरी म्हणतं "मिशन असतं तर", म्हणजे परदेशी मिशनऱ्यांनी खर्च केला असता. नगरला अमेरिकन मिशन आलं 1831 ला, आता किती वर्षं त्यांच्या नावाने बसायचं? कवी रेव्ह. ना. वा. टिळकांनी 1917 ला मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची स्वतंत्र मंडळी उभी केली, आणि आपल्याला 40 पत्रे जड झाले.

तर सण नोव्हेंबरचा दुसरा रविवार, सकाळी 9.30, लिलाव उपासनेनंतर लगेच. पत्रे अँगल मजुरी धरून 1,85,000, जमलेत 62,000. पैसे खजिनदारांकडेच द्या, पावती घ्या, क्यूआर कोड चर्चच्या दाराला लावलाय. धान्य शनिवारी संध्याकाळपर्यंत आणा, कोंबड्या रविवारी सकाळीच आणा आणि पाय बांधून, मागच्या वेळी एक भर उपदेशात पुलपिटवर चढली होती. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी पत्रे चढवायला दोन दिवस हात लावला तरी चालेल, तेही अर्पणातच धरू.

आपला सेवक,
सेक्रेटरी, पंचकमिटी