परत गेलेला डबा

मा. संपादक,

मागच्या रविवारी पुरवणीत व्याजाच्या कमाईवर लेख होता, त्यात एका ओळीत लिहून टाकलंय की व्याज खाणाऱ्या माणसाच्या घरचं पाणीपण मुसलमानाला हराम. एवढं सोपं नाहीये ते, म्हणून लिहितेय. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, तीस वर्षं झाली वडोदऱ्यात, तांदळजाला राहतो, घरात अजून मराठीच आणि पेपरपण तुमचाच.

ह्याच गोष्टीवरून आमच्याकडे ईदला राडा झाला. माझ्या नणंदेचे मिस्टर टक्क्याने, म्हणजे व्याजाने, पैसे फिरवतात, शिवाय हार्डवेअरचं दुकान आहे. तिने दरवर्षीसारखी सांदणं पाठवली, नारळाचं दूध वेगळ्या बरणीत, डबा हाताला अजून गरम लागत होता आणि माझ्या मुलाने (वय १९, मोबाईलवर दोन-दोन मिनिटांचे बयान, म्हणजे धार्मिक भाषणं, ऐकून मुफ्ती झालेला) तो तसाच रिक्षावाल्याकडे परत दिला. ह्याच फुप्पीने (आत्याने) त्याची कॉलेजची फी दोन वर्षं भरली, तेव्हा हराम-हलाल कुठे गेलं होतं कोण जाणे. नणंद आठ दिवस फोन घेईना.

मग मौलाना साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, अब्दुल्लाह इब्न मसऊद ह्या सहाबींना, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांना, एकाने हेच विचारलेलं, शेजारी उघड व्याज खातो आणि जेवायला बोलावतो, जाऊ का? तर म्हणाले जा, खाणं तुझं, गुनाह त्याच्या माथी. खुद्द पैगंबरांनी ज्यूंच्या घरचं खाल्लंय, वफात (मृत्यू) झाली तेव्हा त्यांचं चिलखत जवासाठी एका ज्यूकडे गहाण होतं, आणि ते लोक व्याज घ्यायचे हे कुराणातच सूरह निसा ह्या अध्यायात आहे.

मुलगा म्हणाला, मग पहिले खलिफा हजरत अबू बक्र यांनी घास ओकून का काढला? खरंय, बुखारीत, म्हणजे हदीसच्या ग्रंथात, आहे ते. पण तिथे त्यांच्या गुलामाने स्वतः सांगितलं की हे अन्न भविष्य सांगितल्याच्या मोबदल्यात मिळालंय, म्हणजे ताटातलीच वस्तू कुठून आली ते कळलेलं. चोरीचं बकरं आहे हे माहीत असेल तर ते कोणीच खाऊ नये, त्यात वाद नाही. सांदणाचे तांदूळ व्याजाचे की खिळे विकून आलेले ते नणंदेलापण सांगता येणार नाही.

इथले बहुतेक मुसलमान हनफी पंथाचे, त्यांच्यात बघतात की जास्त कमाई कसली. जास्त हलाल असेल तर बिनधास्त घ्या, जास्त हराम असेल तर नको, पण समोरचा म्हणाला की हे हलालमधून आणलंय तर चालतं. आम्ही शाफई, तो दुसरा पंथ. आमच्यात इमाम गजाली कडक, जास्त माल हरामचा असेल तर घेणंच हराम म्हणतात, आणि दीडशे वर्षांनी इमाम नववी म्हणाले नाही, मकरूह, म्हणजे टाळलेलं बरं. आता एवढ्या मोठ्या माणसांचं एकमत नाही आणि तुमचा लेखक एका ओळीत मोकळा!

नणंदेच्या मिस्टरांचा धंदा मला मान्य नाही, ते आमच्या ह्यांनी त्यांना दुकानात एकटं गाठून सांगितलंय, दस्तरख्वानावर, जेवायला बसल्यावर, नाही.

तेव्हा दुरुस्ती छापा, जरा मोठ्या अक्षरात. कात्रण फ्रीजवर लावायचंय, मोबाईल सोडला तर मुलगा तिथेच बघतो.

एक वाचक, तांदळजा, वडोदरा